सेतुरावांच्या नावावरचे मासे

मेलकावेरीच्या सेतुरावांना ज्याचा मत्सर वाटत नाही असा माणूस कुंभकोणात शोधून काढावा लागला असता, आणि तो सापडला असता तर शोधणाऱ्याचा सेतुरावांना मत्सर वाटला असता. पोस्टमनचे पाय लांब आहेत, वकिलाची सही वळणदार आहे, समोरच्या घरातल्या कॉफीला वास जास्त येतो, या सगळ्याची त्यांनी मनात नोंद ठेवली होती. शेजारच्या पांडुरंगरावांना अभंगाचा वरचा सूर न खोकता लागतो, हेही त्यांना विसरता येत नसे. यात दुष्टपणा नव्हता. कोणाचं वाईट व्हावं असं त्यांना कधी वाटलं नाही. जे चांगलं झालं ते चुकीच्या पत्त्यावर गेलं, एवढंच वाटे.

पणजोबा तंजावरच्या दरबारात गुलाबदाणीवर होते, म्हणजे समारंभाला आलेल्या पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडत. दरबार गेला, गुलाबदाणी गेली, शिंपडून घेणारे पाहुणेही गेले. घरात उरलं एक तांब्याचं घंगाळ, आणि उरली ती दोनशे वर्षांपूर्वीची मराठी. तीही उंबऱ्याच्या आतली. बाहेर पाऊल टाकलं की तमिळ. सेतुराव एका वकिलाकडे दस्तऐवजांच्या नकला करत. अठ्ठेचाळीस साली एका खटल्याचे कागद घेऊन ते मद्रासला गेले आणि कोर्टाला जेवणाची सुट्टी झाली म्हणून मूर मार्केटात फिरायला निघाले. तिथे एका काचेच्या भांड्यात त्यांना ओळखीचा चेहरा दिसला. अंगठ्याएवढा मासा, अंग इतकं पारदर्शक की आतले काटे मोजता यावेत. हा मासा तिरुनीलक्कुडीच्या कालव्यात पोत्यानं होता आणि त्याला कोणी विचारत नव्हतं. इथे मात्र कोट घातलेला एक गृहस्थ असे दोन मासे विकत घेऊन प्रसादासारखे दोन्ही हातांनी धरून निघाला होता. सेतुरावांना त्या माशांचा मत्सर वाटला, आणि परत येऊन त्यांनी वकिलाची नोकरी सोडली.

अशा रीतीने ते शोभेच्या माशांचे घाऊक व्यापारी झाले. घाऊक या शब्दावर त्यांचा फार जीव होता. कोणी दोन मासे मागायला आलं की ते दुखावत. "इथं शेकडा चालतो," म्हणत. तिरुनीलक्कुडीची नागलक्ष्मी आणि तिच्या घरच्या बायका कालव्यात फडकं धरून मासे पकडत आणि मडक्यांतून आणून देत. सेतुराव ते निवडत, आठवडाभर माठांत ठेवत, मग रॉकेलच्या रिकाम्या डब्यांत भरून स्वतः तिसऱ्या वर्गानं मद्रासला नेत. पाण्यात हवा राहावी म्हणून वाटेत सारखा डब्यात हात फिरवावा लागे. आठ-नऊ तास पाण्यात हात घालून बसलेला, कपाळाला गंध लावलेला माणूस पाहून बरोबरच्या प्रवाशांना तो काही नवसाचा भाग वाटे, आणि ते त्यांना खिडकीची जागा देत.

ब्राह्मणानं माशांचा धंदा करावा का, यावर भजनी मंडळीत चर्चा झाली. पांडुरंगराव मंडळींचे पुढारी. त्यांनी निर्णय दिला की मासा जिवंत विकला आणि घेणाऱ्यानं तो जिवंतच ठेवला तर त्याला मासळी म्हणता येत नाही. मग या माशांना खायला डासांच्या अळ्या लागतात, त्या हत्येचं काय, असा प्रश्न निघाला. त्या आठवड्यात पांडुरंगरावांना डास फार चावले होते. त्यांनी तोही प्रश्न निकालात काढला.

सेतुरावांचा माल मूर मार्केटातले मणी मुदलियार घेत. स्थूल, शांत माणूस. धंद्याची पत्रं ते इंग्रजीत लिहीत. तमिळ त्यांनी भांडणासाठी राखून ठेवलं होतं. एकदा सेतुराव डबे घेऊन गेले असताना मुदलियारांनी त्यांना आतल्या खोलीत नेऊन एंजल नावाचा मासा दाखवला. तळहाताएवढा, ताटलीसारखा चपटा, रुपेरी अंगावर काळे उभे पट्टे, वर आणि खाली लांब पर. इतर मासे पोहतात. हा मिरवत होता.

"कलकत्त्याला एक जण हे वाढवतो," मुदलियार म्हणाले. "इथं येईतो निम्मे मरतात. रायर, कावेरीकाठी कोणाला हे जमलं ना, तर दक्षिणेचा सगळा माल मी त्याच्याकडूनच घेईन. दुकानावर त्याच्या नावाची पाटी लावीन."

तमिळ लोक आमच्या मराठी ब्राह्मणांना रायर म्हणतात. मुदलियार हे बोलता बोलता म्हणून गेले. सेतुरावांनी ते शिलालेखासारखं उतरवून घेतलं. त्याच दिवशी त्यांनी आठ एंजल विकत घेतले. त्यासाठी भवानीबाईंच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, दोन बांगड्या कुठे गेल्या हे त्यांनी घरी सांगितलं नाही आणि भवानीबाईंनी विचारलं नाही.

पुढची दोन वर्षं समोरच्या खोलीत काचेची पेटी, पाण्यात लटकवलेला तापमापक आणि टेबलावर एक इंग्रजी पुस्तक, असा संसार चालला. सेतुराव दर तासाला पेटीत डोकावत. पाणी कधी थोडं गरम, कधी थोडं गार. एंजल अंडी घालीनात. कलकत्त्यातल्या ज्या माणसाला आपण कधी पाहिलं नाही तो आत्ता कसा जेवत असेल, या कल्पनेनं सेतुरावांना जेवण जात नसे. एकेक करत सहा मासे मेले. उरलेल्या दोघांचे पर फाटले आणि ते कोपऱ्यात तिरपे पडून राहू लागले.

"टाकून दे यांना मागच्या गटारात," सेतुराव म्हणाले.

भवानीबाईंनी जिवंत काही गटारात टाकलं नसतं. आतल्या चौकात एक दगडी डोणी होती. तिच्यात कौलांवरचं पावसाचं पाणी साचे आणि ते भवानीबाई झाडांना घालीत. दोन्ही मासे त्यांनी डोणीत सोडले आणि कामाला लागल्या. डोणीत शेवाळ होतं, छपरावरून घसरलेलं एक कौल तिरपं पडलेलं होतं, आणि भवानीबाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. पुढं असं दिसून आलं की एंजलला याच तीन गोष्टी हव्या होत्या.

तीन महिन्यांनी सकाळची कॉफी ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "अहो, तुमच्या त्या दोघांनी कौलावर खसखस पेरलीय."

"कोण दोघं?"

"गटारात टाक म्हणालात नव्हे, ते."

सेतुराव कॉफी टाकून चौकात गेले. कौलावर ओळीनं दाणे चिकटले होते आणि दोन्ही मासे आळीपाळीनं त्यांना परांनी वारा घालत होते. सेतुरावांनी भिंग आणलं. मग आरसा आणला, कवडसा पाडायला. मग पुस्तकातलं चित्र ताडून पाहायला पुस्तक आणलं. दुपारपर्यंत ते सतरा वेळा डोकावले, आणि दुपारी कौल स्वच्छ होतं. माशांनी स्वतःची अंडी खाऊन टाकली होती.

"बघत बसू नका म्हटलं होतं मी," भवानीबाई म्हणाल्या. "बाळंतिणीच्या खोलीत असं सारखं कोणी जातं काय?"

पुढच्या महिन्यात सेतुराव डबे घेऊन मद्रासला गेले होते. एका डब्याला भोक पडलं, दुरुस्तीला वेळ लागला, तिथे बारा दिवस मोडले. परत आले तेव्हा डोणीत साठ पिलं होती, टाचणीच्या डोक्याएवढी, आणि आईबाप त्यांना घेऊन शेवाळाभोवती प्रदक्षिणा घालत होते. सेतुराव बराच वेळ उभे राहिले. एंजल आपल्या घरात झाले याचा त्यांना आनंद झाला. पण त्या आनंदाला बसायला जागाच मिळेना.

"तू काय केलंस?" त्यांनी विचारलं.

"काही नाही."

"काही नाही म्हणजे? पाण्यात काय घातलंस?"

"काही घातलं नाही हो. अळ्या घातल्या सकाळी, जुन्या धोतरातनं गाळून. आणि काय करायचं?"

माणूस युक्ती लपवतो तेव्हा तिचा मत्सर करता येतो, कधी ना कधी ती काढून घेता येते. इथे युक्तीच नव्हती. काही न करणाऱ्या माणसाकडून काय काढून घ्यावं, हे सेतुरावांना कळेना. म्हणून बाईकडे काहीतरी आहे आणि ती ते लपवते आहे, असं त्यांनी ठरवून टाकलं. त्यातल्या त्यात ते सुखाचं होतं.

पिलं रुपयाएवढी झाली तेव्हा त्यांनी ती मद्रासला पोचवली. आठवड्यात मुदलियारांचं पत्र आलं. रायर, कलकत्त्याच्या मालापेक्षा हा उजवा आहे, तुमच्या हाताला देवानं काही वेगळं दिलं आहे. असंच महिन्या-दोन महिन्यांनी येत गेलं. प्रत्येक पत्रात सेतुरावांची स्तुती असे, आणि प्रत्येक पत्रानं त्यांचा एक दिवस वाया जाई. कारण पत्रातला सेतुराव, ज्याच्या हाताखाली एंजल नांदतात, तो हा नव्हता. आजवर त्यांनी पुष्कळांचा मत्सर केला होता. आता स्वतःच्या नावाचा करू लागले.

मग ते भवानीबाईंवर नजर ठेवू लागले. त्या डोणीजवळ कुठल्या बाजूनं जातात, कुठला पाय आधी टाकतात, काय गुणगुणतात. त्यांनी पाहिलं की भवानीबाई जवळ आल्या की मासे वर येतात, आणि आपण गेलो की कौलाखाली जातात. विचारांती त्यांनी निष्कर्ष काढला की मासे लुगड्याला ओळखतात. भवानीबाई घरात लाखेच्या रंगाचं जुनं नऊवारी नेसत. एका दुपारी त्या शेजारी पांडुरंगरावांच्या मीनाक्षीबाईंकडे पापड लाटायला गेल्या होत्या. कौलावर आदल्या दिवशीची अंडी होती. सेतुरावांनी दोरीवरचं लुगडं काढलं, डोक्यावरून पदरासकट घेतलं आणि डोणीपाशी जाऊन ओणवे झाले.

पांडुरंगराव मरुदानल्लूरच्या भजनाचं आमंत्रण सांगायला आले ते नेमके तेव्हा.

"भवानी, सेतू आहे काय घरांत?"

लुगडं वळलं. आत मिशा होत्या.

पांडुरंगरावांनी ते ध्यान डोक्यापासून पायापर्यंत पाहून घेतलं. मग म्हणाले, "काय करूलागलास रे सेतू?"

"मासे बघूलागलोंय."

"ते बरें केलेंस. दरबार असता तर नाटकांत तुज एखादें काम मिळालें असतें." आणि निघताना उंबऱ्यावरून, "सीता तुज साधणार नाही. शूर्पणखा बघ."

संध्याकाळी कौल स्वच्छ होतं. मासे लुगड्याला ओळखत नव्हते, हा एक शास्त्रीय निष्कर्ष हाती आला. पण तो लिहून ठेवण्यासारखा नव्हता, आणि मंडळींतल्या कोणालाही तो आता सांगावा लागणार नव्हता.

पंचावन्न साल संपत आलं. पुढच्या वर्षी बारा वर्षांतून एकदा भरणारा महामहमचा मेळा म्हणून गावातल्या भिंतींना चुना लागत होता. तेव्हा मुदलियारांचं पत्र आलं की ते स्वतः येत आहेत. मुंबईच्या एका बड्या गिऱ्हाइकाला दर महिन्याला एंजल हवे आहेत. पण आधी वाढवण्याची पद्धत डोळ्यांनी पाहायची आहे. ती पसंत पडली तर पाटीचं बोललो होतो, ते मी विसरलेलो नाही.

सेतुरावांनी पत्र तीनदा वाचलं. पाटी त्यांना इतक्या दिवसांत कितीदा तरी दिसली होती, रंगासकट. आता ती एका बाईच्या अंतरावर होती.

"उद्या मुदलियार येतोय," ते भवानीबाईंना म्हणाले. "तू मीनाक्षीबाईंकडे जा. बाहेरच्या माणसापुढं तुला संकोच होईल."

"मला कसला संकोच? कॉफी कोण करणार?"

"करून ठेव. मी ओतीन."

भवानीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. पंचवीस वर्षांच्या संसारात नवऱ्यानं कॉफी ओतलेली त्यांनी पाहिली नव्हती. "जाते," त्या म्हणाल्या. "डोणीला हात नक्को लावायला. तेवढं ऐका."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्यावर सेतुरावांनी डोणीकडे पाहुण्याच्या डोळ्यांनी पाहिलं. शेवाळ, काळा दगड, फुटकं कौल. यात पद्धत कुठे होती? मुदलियार हे पाहील आणि विचारील, रायर, तुम्ही यात काय केलंत? म्हणून त्यांनी माळ्यावरून पणजोबांचं तांब्याचं घंगाळ खाली काढलं. दरबारातून मिळालेली तेवढी एकच वस्तू घरात होती. लग्नकार्यात जावयाच्या आंघोळीखेरीज ते वापरत नसत. त्यांनी स्वतः चिंच भिजवली, तासभर घासलं, कडेचं नक्षीकाम काडीनं कोरून काढलं. घंगाळ असं झळकू लागलं की चौकात दुसरा सूर्य ठेवल्यासारखं वाटावं. मग माठातलं पावसाचं स्वच्छ पाणी भरलं आणि एंजलची जोडी त्यात सोडली.

सात वर्षं माशांत काढलेल्या माणसानं असं करावं याचं नवल वाटेल. पण धंद्यात त्यांनी माठ, मडकी आणि रॉकेलचे डबे याखेरीज काही वापरलं नव्हतं. तांबं त्या मानानं फार महाग. आणि घरात पिण्याचं पाणी तांब्यात, देवाचं तीर्थ तांब्यात, गंगा काशीहून येते तीही तांब्याच्या गडूत. जे माणसाला आणि देवाला चालतं ते माशाला चालणार नाही, ही शंका कुंभकोणातल्या कुठल्याही सज्जन माणसाला आली नसती.

मुदलियार दहाच्या सुमाराला आले. ओट्यावर बसले, घाम पुसला. सेतुरावांनी कॉफी ओतली, निम्मी बशीत, निम्मी धोतरावर.

"मामी घरी नाहीत?" रायरच्या घरची बाई ती मामी, हा तमिळ रिवाज.

"शेजारी गेल्यात. त्यांना माशांत काही गम्य नाही."

हे वाक्य त्यांनी रात्रीच ठरवून ठेवलं होतं. ते बोलून झाल्यावर त्यांना बरं वाटलं. मुदलियारांना घेऊन ते चौकात आले. आणि मुदलियार, जे कधी घाई करत नसत, ते धोतर सावरत धावले.

"तांब्यात? रायर, तांब्यात घातलेत?"

मादी पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होती. नर तिरपा झाला होता, परांची घडी मिटलेली, अंगावर पांढरट साय आल्यासारखी.

"घासलंय मी ते," सेतुराव म्हणाले. "चिंचेनं."

"चिंचेनं!" मुदलियारांनी कपाळाला हात लावला. "मग तर विषच झालं. काढा, काढा बाहेर! जुन्या पाण्यात टाका!"

सेतुरावांनी ओंजळीत मासे उचलले आणि डोणीत सोडले. दोघेही आडवे होऊन शेवाळावर पडले. मुदलियार वाकून म्हणाले, "आता पुढं तुम्हालाच ठाऊक. पाणी बदलता? सावली करता? तुमच्या हातचे आहेत ते. सांगा, मी काय करू?"

सेतुरावांना काही ठाऊक नव्हतं. ते ज्या बाईला ठाऊक होतं ती भिंतीपलीकडे पापड लाटत होती. लाटण्याचा आवाज येत होता. हाक मारली तर ती येईल, आणि आली की मुदलियाराला सगळं कळेल. पाटी गेली, मुंबई गेली, पत्रातला सेतुराव गेला. नाही मारली, तर हे मरतील.

आणि इथे त्यांच्या मनात आणखी एक विचार आला. हे मेले, तर या घरात एंजल कोणालाच जमत नाहीत. मला नाही, आणि हिलाही नाही. दोन वर्षांत त्यांना इतकं स्वस्थ वाटलं नव्हतं. ते डोणीच्या कडेला बसले. मादीचा कल्ला उघडला, मिटला. बऱ्याच वेळानं पुन्हा उघडला. सेतुराव नुसते पाहत राहिले. पाहण्यात ते वाकबगार होते.

मुदलियारांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आवाज अगदी मऊ झाला होता. "रायर, नजर हलत नाही तुमची त्यांच्यावरून. हलणार कशी? पोटच्या पोरांसारखे वाढवलेत. असा हात मी अख्ख्या मद्रासेत पाहिला नाही."

दोन वर्षं पत्रातून येणारी स्तुती पहिल्यांदाच कानात पडत होती, आणि ती सेतुरावांना सोसेना. तो पत्रातला सेतुराव! मासे मारून बसला होता, आणि तरी त्याचंच कौतुक चाललं होतं.

"मी नाही वाढवले!" ते ओरडले. मुदलियारांचा हात खाली पडला. "मी एक अंडंसुद्धा वाढवलेलं नाही. जी होती ती अस्की, सगळीच्या सगळी, माझ्या डोळ्यांदेखत खाल्ली त्यांनी!" आणि भिंतीकडे तोंड करून, पांडुरंगरावांना कधी लागला नसेल अशा वरच्या सुरात, "अगे भवानी! भवानी! ये गे लौकर!"

भवानीबाई हाताला उडदाचं पीठ तसंच घेऊन आल्या. घंगाळाकडे पाहिलं, डोणीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं नाही. हात धुतले. लोट्यानं डोणीतलं निम्मं पाणी काढून टाकलं आणि माठातलं नवं पाणी कौलावरून बारीक धारेनं सोडू लागल्या. एक घागर, दुसरी घागर. वर चटई आडवी टाकून सावली केली. मग दोन्ही हात पाण्यात घालून एकेक मासा नुसता तळव्यावर तोलून धरला, त्यांची तोंडं धारेकडे करून, आणि तशाच बसल्या. बाहेरचा माणूस समोर आहे हे त्यांच्या ध्यानात नव्हतं. सेतुरावांनी न सांगता घागरी भरून आणल्या आणि धार चालू ठेवली. पाचवी घागर संपताना नर भवानीबाईंच्या तळव्यावरून उठला, थोडा डावीकडे कलंडला, आणि कौलाखाली गेला. मादी उठली नाही.

भवानीबाईंनी तिला पाण्यातून काढलं, तुळशीच्या कुंडीशी ठेवलं आणि पदराला हात पुसले. "आता बघत बसू नका," त्या कोणाला तरी म्हणाल्या.

मुदलियार हळूच म्हणाले, "एक राहिला. जोडी मोडली. मामी, आता काय?"

"मागं मडक्यांत दहा आहेत," दाराआड होत भवानीबाई म्हणाल्या. "पहिल्या वेळच्या पिलांतली. दिसायला बरी होती म्हणून विकायला दिली नाहीत मी. त्यातले चार जोडीजोडीनं फिरूलागलेत."

"दहा?" सेतुरावांनी विचारलं. "माझ्या घरात?"

"तुम्ही मागं येता कुठं?"

मुदलियार इतके हसले की त्यांना ओट्यावर जाऊन बसावं लागलं. त्यांनी मडकी पाहिली, डोणी पुन्हा पाहिली, शेवाळाला बोट लावून पाहिलं. जाताना सेतुरावांना म्हणाले, "माल तुमच्याच हातानं येऊ दे. डबे तुमच्यासारखे कोणी आणत नाही, हेही खरंच आहे. पण रायर, पाटीवर मामींचं नाव जाईल."

सेतुराव म्हणाले, "जाऊ दे." आणि घंगाळातलं पाणी ओतून द्यायला चौकात गेले.

पंधरा दिवसांनी मुदलियारांचं पहिलं पत्र भवानीबाईंच्या नावानं आलं. इंग्रजीच होतं, म्हणून सेतुरावांनी ओट्यावर बसून मोठ्यानं वाचून दाखवायला घेतलं. भवानीबाई तांदूळ निवडत होत्या. पुढच्या महिन्यात दीडशे पिलं, मोठ्या तोंडाचे डबे, मुंबईच्या गिऱ्हाइकाचा पत्ता. वाचता वाचता सेतुराव दोनदा अडखळले, दोनदा खोकले आणि चार ओळी पुढे सरकले.

"एवढंच," त्यांनी कागदाची घडी केली.

"मागच्या बाजूला लिहिलेलं दिसूलागलंय," भवानीबाई तांदळावरची नजर न काढता म्हणाल्या. "उलटा."

सेतुरावांनी कागद उलटला. मागचं पान भरलेलं होतं. मामींच्या हाताबद्दल होतं, त्या तळव्याबद्दल होतं, आणि असं मी कलकत्त्यालाही पाहिलं नाही, असं होतं. ते सगळं त्यांनी वाचलं, एकाच सुरात, जप्तीची नोटीस वाचावी तसं. शेवटी एक प्रश्न होता.

"पिलं पहिल्या आठवड्यात कशी जगवता, ते कळवा म्हणतोय."

"लिहा, काही करत नाही."

"असं लिहून कसं चालेल?"

"मग तुम्हाला काय वाटतं ते लिहा. तुम्ही बघितलंयत की अस्कं."

सेतुरावांनी टाक बुडवला आणि वळणदार इंग्रजीत सुरुवात केली. पहिलं वाक्य ‘मी’नं सुरू झालं. त्यांनी ते वाळू दिलं, वाचलं, आणि भवानीबाई बघत नाहीत ना ते पाहून घेतलं. त्या बघत नव्हत्या. त्यांनी तो कागद बाजूला ठेवला, दुसरा घेतला आणि ‘माझी पत्नी’ अशी सुरुवात केली.